पिंपाचा पट्टा

पट्टा तुटला तेव्हा रंभाबाई बजाबाईच्या लुगड्याचा विचार करीत होती. लुगडं वाळवायच्या पिंपात फिरत होतं आणि थेट बजाबाईसारखंच वागत होतं. वरून पिळून काढल्यासारखं, आणि आत कुठेतरी पाणी धरून बसलेलं. काही लुगडी ठिबकतच येतात. त्यांच्या मालकिणीही तशाच, गल्लीच्या तोंडापासून सगळं सांगत येणाऱ्या. त्यांचं काही अवघड नसतं. ही दुसरी जात अवघड. बराच वेळ फिरवावं, वाळलं म्हणून बाहेर काढावं, आणि काठाच्या दुमडीतून हाताला गार लागावं. गल्लीतल्या माणसांचा असा एक हिशेब रंभाबाईच्या मनात कायम मांडलेला असे, कोण किती पाणी धरून ठेवतं याचा, आणि बजाबाईच्या नावावर काय टाकावं हे ती ठरवीत होती तेवढ्यात फाट् असा आवाज झाला. ओल्या हाताने भिंतीला चापट मारावी तसा. हातातला दांडा इतका हलका झाला की ती पुढे झुकली. पट्ट्याचं सुटलेलं टोक मनगटावर सपकन बसलं. पिंप आपलं आपण थोडं पुढे गेलं, थोडं मागे आलं आणि थांबलं. खाली शेगडी होती. फिरत्या पिंपाला शेगडी ऊब देते, थांबलेल्या पिंपाला चटका. रंभाबाईने पायानेच शेगडी मागे लोटली, झाकण उघडून लुगडं ओढून काढलं आणि नाकाशी धरलं. जळलं नव्हतं. तापलेल्या सुताचा वास येत होता, तव्यावरून भाकरी उतरवायला जरा उशीर व्हावा तसा.

"पडलं बंद," उंबऱ्यावरून महिपती म्हणाला.

महिपती तिचा एकुलता एक मुलगा. जेऊर स्टेशनात सांधेवाला होता. गाड्या कुठल्या रुळावरून जायच्या ते त्याच्या हातात, आणि म्हणून की काय, माणसंही सांधा ओढला की वळतात अशी त्याची समजूत. काल आला होता. आता बशीतला चहा तसाच धरून बसला होता. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे रंभाबाईने न्यायाने त्याच्या बाजूला मांडलं. पण वाईटही वाटलेलं नव्हतं. आपल्याला बोलायला लागलं नाही, दुसऱ्याच कुणी बोललं, असं त्याच्या तोंडावर होतं.

"बंद न्हाय पडलं. पट्टा तुटलाय."

"त्येच की. आये, तूच म्हनली हुतीस दिवाळीला. ज्या दिवशी पिंप बंद पडंल त्या दिवशी गठुडं बांधून येते म्हनून. मी न्हाय म्हनलो, तू म्हनलीस."

म्हणाली होती खरी. पोराने आठ दिवस डोकं उठवलं म्हणून, आणि पिंप कधी बंद पडेल हे मनातसुद्धा आलं नव्हतं म्हणून. न होणाऱ्या गोष्टीवर शब्द द्यायला माणसाला काही वाटत नाही.

"गाडी कवा हाय?"

"सांजची."

"मग सांजपातूर गप बस. सांजंला ह्ये फिरलं न्हाय तर येते. चहा पी, साय धरली त्येच्यावर."

साय खरोखरच धरली होती. महिपतीने ती बोटाने बाजूला केली, लहानपणी करायचा तशी, आणि रंभाबाईला उगाच भरून आल्यासारखं झालं. मग तिने स्वतःलाच दटावलं, कारण ही वेळ भरून येण्याची नव्हती. जेऊरला जाण्यात वाईट असं काहीच नव्हतं. हेच तर वाईट होतं. सून वाईट असती तर सोपं गेलं असतं. चार दिवसांत भांडून परत येता आलं असतं. पण मथुरा चांगली होती. मागच्या खेपेला रंभाबाईने घागर उचलली की मथुरा धावत येऊन घेई, केरसुणी घेतली की केरसुणी घेई, आणि "आत्याबाई, तुमी बसा की निवांत," म्हणे. रंभाबाई निवांत बसली. समोर रूळ होते. गाडी येई, जाई, आणि मग पुढची गाडी येईपर्यंत रूळ असत. तिथे तिला कुणी ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन हाक मारीत नव्हतं. तिथे ती महिपतीची आई होती, एवढंच. आणि नुसती कुणाची आई असणं हे काम फार पूर्वी संपलेलं होतं. इथे भादव्यातल्या झडीत, आभाळ उघडायचं नाव घेत नसताना, बाळंतिणीच्या घरची माणसं दुपटी घेऊन येत आणि जाताना ती ऊन ऊन दुपटी छातीशी धरून नेत. रंभाबाई धूत नसे. ती फक्त वाळवून देई. धुण्यावरून कोण मोठं कोण लहान याच्या पंचायती गल्लीत चालत. वाळवण्यावरून अजून कुणाला काही सुचलं नव्हतं.

पिंप हिंदुरावांनी केलं, म्हणजे तिच्या मालकांनी. शहरात मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या वर्षी. ते गिरणीत पट्ट्यांवर होते. छताखालच्या फिरत्या दांड्यावरून खाली मागांकडे उतरणारे ते लांबलचक पट्टे सैल झाले की आवळायचे, तुटले की सांधायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या अंगाला त्या पट्ट्यांचा वास असे. त्या साली रंभाबाईच्या बोटांची पेरं सुजली आणि लुगडं पिळायला घेतलं की डोळ्यांत पाणी येऊ लागलं. तिने सांगितलं नव्हतं. ती काही सांगणाऱ्यांतली नव्हती. एक दिवस हिंदुराव गिरणीतून रंगाचं रिकामं पत्र्याचं पिंप घेऊन आले, टांग्यातून, आपण उभे आणि पिंप बसलेलं. मग सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून त्याला भोकं पाडू लागले. ठण् ठण् ठण्. सगळी गल्ली उठली. कुणी म्हणालं, हिंदुराव चाळण करताहेत, हत्तीचं पीठ चाळायला. कुणी म्हणालं, बायकोला कोंडणार, हवा लागावी म्हणून भोकं. हिंदुराव मान वर न करता म्हणाले, "तुमी आधी या, बसून बगा, हवा लागती का." पिंप आडवं टांगलं, त्याच्या पोटाभोवती गिरणीतला जुना पट्टा घातला, तोच पट्टा बाजूच्या एका लहान चाकावरून घेतला, चाकाला दांडा. दांडा फिरवला की चाक फिरे, चाकाने पट्टा, पट्ट्याने पिंप. खाली शेगडी. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःचा फेटा वाळवायला घातला, आणि पिंप फिरतंय या आनंदात गप्पा मारायला थांबले; फेट्याच्या मधोमध तपकिरी सूर्य उमटला. तो फेटा ते पुढे बरीच वर्षं बांधत, सूर्य आत दुमडून. ज्याला माहीत त्यालाच माहीत. तिला तो फेटा बांधताना पाहायला आवडे.

आता तिने तुटलेला पट्टा मांडीवर घेतला. हिंदुराव असते तर त्यांनी आधी पट्ट्याला हात लावला नसता. ते आधी पट्टा सोडून बाकीचं सगळं बघत. पट्टा तुटतो तो आपल्या मनाने तुटत नाही, असं ते एकदा तिला नाही, पिंपाला उद्देशून म्हणाले होते. ते बरंचसं बोलणं पिंपाशी करीत आणि तिने ऐकावं अशी सोय ठेवीत. म्हणून तिने आधी पिंप हाताने फिरवून पाहिलं. मुकाट फिरलं, आसात काही अडकलेलं नव्हतं. लहान चाकाच्या काठावरून बोट फिरवलं, डोळे मिटून, त्यांच्यासारखं. कुठे धार आली असेल, पट्टा कापला असेल. काठ गुळगुळीत होता. मग सांधा. सगळ्या गल्लीने सांध्यालाच दोष दिला असता, कारण सांधा दिसतो. चामड्याच्या वादीने घट्ट विणलेला तो त्यांचा सांधा जसाच्या तसा होता, नखही शिरत नव्हतं, आणि पट्टा त्याच्यापासून वीतभर अलीकडे तुटला होता. अखंड जागी. हे तिच्या मनाला लागलं. जोडलेलं टिकावं आणि अखंड तुटावं, हा काय न्याय.

"सापडलं का?" महिपती.

"तुला गाडीच्या आदी सांगते."

"आये, तसं न्हाय गं. तुझ्या जिवासाठी म्हनतोय मी. एकटी हायस. रातचं काय झालं तर?"

"काय हुतंय?"

"काय बी."

हा 'काय बी' तिने नीट पाहून घेतला. दिवाळीतही हाच होता, गौरीच्या सणालाही हाच. पोरगं लहानपणापासून खोटं बोलताना खाली बघे आणि खरं दडवताना वर, छताकडे. आता तो छताकडे बघत होता. पण पट्टा मांडीवर होता, आणि एका वेळी एकच दोष शोधायचा असतो.

तुटलेलं टोक तिने उजेडाकडे धरलं. गिरणीतला हा पट्टा चामड्याचा नव्हता. जाड कापडाचे थर एकावर एक ठेवून, मध्ये काहीतरी चिकट भरून दाबलेला. तुटल्या जागी ते थर सुटून आले होते, पोळीचे पदर सुटावेत तसे. तिने एक पदर ओढला, तो सहज निघाला. निघायला नको होता. बोटं बुळबुळीत झाली. तिने ती नाकाशी नेली.

तिळाचं तेल. आणि हळद.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. गिरणीत मागांची पूजा व्हायची, टांगेवाले टांगे धुऊन झेंडूच्या माळा घालायचे, सुतार करवती मांडायचे. आणि रंभाबाईच्या घरात हत्यार म्हणजे पिंप. ती ते पुसून काढी, माळ घाली, हळदीकुंकू लावी. आणि पट्ट्याला तेल. नुसतं बोट टेकवून नाही. वाटीत कोमट करून, तळव्यावर घेऊन, सगळा पट्टा हातभर हातभर पुढे ओढत चोळून जिरवायची. महिपतीला लहानपणी पायांवर घेऊन चोळायची तशी. तेल जिरलं की वस्तू जगते, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. चामड्याला तेल लागतं, लाकडाला लागतं, लेकराला लागतं, केसांना लागतं. मग याला का नाही? हिंदुराव मागे हात जोडून उभे असत, ओठ जरा आवळून. आणि दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे पाठ करून पिंपाशी बसत आणि बराच वेळ काहीतरी पुसत राहत. तिला ते फार लागे. तिने लावलेल्या हळदीची बोटं वाकडी असतील, गिरणीतल्या माणसाला सगळं सरळ रेषेत लागतं, म्हणून पुसतात, असं तिचं म्हणणं. "येवढी पूजा केली, तर लगीच पुसायची घाई," ती चुलीशी म्हणे. "यंत्राला न्हाऊ घालतोय," ते पिंपाशी म्हणत. मग दोन दिवस दोघंही महिपतीमार्फत बोलत.

ते गेले त्याला दोन दसरे झाले. पहिल्या दसऱ्यानंतर पट्टा घसरायला लागला. दांडा फिरवावा आणि पिंपाने ऐकल्या न ऐकल्यासारखं करावं. रंभाबाईला वाटलं, सुकलाय. माणूस गेल्यावर घरातल्या वस्तूही सुकतात. तिने तेल लावलं. आणखी घसरला. आणखी लावलं. गेलं वर्षभर ती दर शुक्रवारी, चोळून चोळून, त्याच्याशी दोन शब्द बोलत, त्याला मारत होती.

तिने पट्टा आणखी उलगडला. वरचा थर पिवळा होता, आत झिरपलेला पिवळा. त्याच्या खाली, विणीच्या बारीक बारीक खाचांत, पांढरं. नखाने टोकरलं तर पूड निघाली. तिला ती ओळखायला वेळ लागला नाही. कापडावर तेल सांडलं की हीच तर ती स्वतः टाकते. शाडू. शाडूची पूड तेल पिऊन घेते. पिवळ्याखाली पांढरं, त्याच्याखाली जुनं पिवळट, पुन्हा पांढरं. फक्त सगळ्यात वरच्या पिवळ्यावर पांढरं नव्हतं. ते घालणारा माणूस राहिला नव्हता.

तर ती पाठ म्हणजे हे होतं. हळद सरळ करीत नव्हते. तेल काढत होते. दर वर्षी, तिने जिरवलेलं सगळं तेल, शाडू चोळून चोळून, फडक्याने, एकेक हात. आणि एकदाही म्हणाले नाहीत की तेल लावू नकोस.

रंभाबाईला आधी जे झालं ते रडू असावं असं तिला वाटलं, पण ते राग निघाला. चांगला सणसणीत राग, दोन वर्षांत पहिल्यांदा. सांगायला काय झालं होतं? एक शब्द. ती रुसली असती, दोन दिवस, ती तशीही रुसतच होती. गिरणीतल्या हजार पट्ट्यांचं ज्ञान असलेला माणूस, घरातल्या एका पट्ट्यावर तेल पडताना हात जोडून उभा राहतो, म्हणजे काय? तिला वाईट वाटू नये म्हणून? की तिचे तेलाचे हात बघायला आवडत, म्हणून? तिने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या आणि बेरीज लागेना. एवढं मात्र दिसत होतं की तेलाने पट्टा जितका तुटला तितकाच तो न बोलण्यानेही तुटला होता, आणि ते न बोलणं मायेचं होतं म्हणून पट्ट्याला काही सूट मिळाली नव्हती. मग तिला तो सूर्याचा फेटा बांधलेला माणूस, पाठमोरा, चोरून शाडू चोळणारा, असा डोळ्यांसमोर आला आणि हसू फुटलं. महिपती दचकला.

"काय झालं?"

"तुझा बा," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. "पानी ठेव चुलीवर. लई ठेव. आन् सोडा आन कोनाड्यातला."

कारण शेवटी कापडच होतं. हे हिंदुरावांच्या लक्षात कधी आलं नसतं. त्यांना तो पट्टा वाटे. तिने पट्टा सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातला, काठीने ढवळला, पाणी पिवळं झालं, ओतलं, पुन्हा घातला. सगळे थर सुटे झाले. महिपती म्हणाला, आता तर संपलंच. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. थर शेगडीवर धरून वाळवले, सडलेला भाग कापून टाकला, तर पट्टा हातभर कमी पडला. त्याला जोड कसला द्यायचा?

हुसेनसाब टांगेवाला भिंतीला भिंत लावून राहत होता. हिंदुरावांचा दोस्त, दोघं ओट्यावर बसून तासन्‌तास बोलत, एक घोडीबद्दल, एक पट्ट्यांबद्दल, आणि दोघांनाही वाटे की आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय. तिने परसातून हाक मारली. घोडीच्या पोटाखालून आवळतात तो जाड विणीचा तंग, जुना, पडलेला असेल तर हवा होता.

"क्या करते भाभी तंग लेके? पिंप को टांगे में जोतते क्या?"

"व्हय. तुमची घोडी म्हातारी झाली म्हनं. पिंपाला जोता, जरा बिगी बिगी जाईल."

"देखो, मेरी घोडी को कुछ बोलना नक्को." तो तंग घेऊन आला आणि भिंतीवरून वाकून पट्ट्याचे सुटे थर बघत राहिला. "हिंदुराव रहते तो रो देते."

"ते असते तर तुटलाच नसता," ती म्हणाली. "आन् का तुटला त्ये मला कळलंबी नसतं."

हुसेनसाबला हे समजलं नाही. त्याने मान मात्र अशी हलवली की समजलं. शेजारी म्हणून तो चांगला होता तो यासाठीच.

थर पुन्हा चिकटवायला गिरणीतलं ते काहीतरी तिच्याकडे नव्हतं. पण एकावर एक कापड ठेवून ते एकजीव करण्याचा एक उपाय तिला लग्नाआधीपासून येत होता. तिने थर नीट बसवले, मध्ये हुसेनसाबचा तंग घातला, दोन्ही बाजूंनी चढवून, मेण लावलेला दुहेरी दोरा घेतला आणि वाकळ शिवतात तसे टाके घालू लागली. काठाकाठाने एक फेरी, मग तिच्या आत एक, मग आणखी आत. बोटांची पेरं ठणकत होती. सुई रेटायला तिने पितळेचा गडू वापरला. आई वाकळ शिवायची तेव्हा गल्लीतल्या बाया चारी बाजूंनी बसत, प्रत्येकीची सुई आपल्या काठाने आत येई, आणि मधल्या चौकोनाशी येईपर्यंत सगळ्यांच्या घरातलं सगळं सांगून झालेलं असे. वाकळेखाली झोपताना तिला लहानपणी वाटे की रात्री कान लावला तर ऐकू येईल. आता ती एकटी टाके घालत होती, आणि तरीही कुणीतरी पलीकडच्या काठाने येत असल्यासारखं वाटत होतं, पाठ करून. तिने मनातच त्याला चार शब्द सुनावले. सावकाश, एकेका टाक्याला एकेक. दुपार कलली. बाहेर झड धरून होतीच.

शेवटी पट्ट्याला शाडू चोळला, सगळ्या अंगाने, आतून बाहेरून, हात पांढरे होईपर्यंत. पिंपाच्या पोटाभोवती घातला, चाकावरून घेतला, ताणला. बजाबाईचं लुगडं आत टाकलं. शेगडी पुढे ओढली.

"फिरव," ती महिपतीला म्हणाली.

"मी?"

"मग? मी फिरवलं तर म्हनशील म्हातारीनं जोर लावला."

महिपतीने दांडा धरला. पहिला फेरा जड गेला. टाक्यांचा जाड भाग चाकावर चढताना पिंप अडखळलं, उचकी लागल्यासारखं, आणि पुढे गेलं. पुन्हा उचकी, पुन्हा पुढे. पूर्वीसारखं गुळगुळीत नव्हतं ते. पण घसरत नव्हतं. महिपतीचा हात जसा फिरे तसं पिंप फिरे. भोकांतून वाफ येऊ लागली. तो फिरवत राहिला, आणि त्याचं तोंड पडत गेलं.

हरलेल्या माणसाचं तोंड तिला ओळखू येत होतं. हे तसं नव्हतं. याला घाबरलेलं म्हणतात.

"राहिली म्हनायची तू हितं," तो म्हणाला. छताकडे बघत.

"म्हैपा. हिकडं बग." त्याने बघितलं नाही. "तुझ्या बानं एक गोष्ट मला सांगितली न्हाय. बरं वाटावं म्हनूनच न्हाय सांगितली. आज सकाळी ती माझ्या मनगटावर बसली. ह्ये बग, वळ उठलाय. आता तू काय दडवलंस त्ये सांग, मी ह्या वयात दुसरा पट्टा शिवनार न्हाय."

दांडा थांबला. "फिरवीत ऱ्हा, जळंल," ती म्हणाली, आणि तो पुन्हा फिरवू लागला. कदाचित त्यामुळेच त्याला बोलता आलं, हात गुंतलेले आणि डोळ्यांना बघायला पिंप.

"मथुरेला दिवस गेल्यात."

रंभाबाईने पायाने शेगडी जरा मागे सारली.

"आदी दोन डाव गेले, दुसरा दिवाळीच्या तोंडाला, म्हनून तवाच तुला न्यायला बगत हुतो. तुला कळवलं न्हाय. ती म्हनली, आत्याबाईंना दुख कशाला. ह्या डावाला ती म्हनली, पाचवा लागंस्तवर कुनाला म्हनून सांगायचं न्हाय, नजर लागती. तुलाबी न्हाय. पर तिला आई न्हाय, आये. राती उठून बसती. मी डूटीवर असलो की दिवा लावून बसती. म्हनली, आत्याबाईंना आना, पर का त्ये सांगू नका." त्याने नाक ओढलं. "मग मी काय म्हनून आनू तुला? एकटी हायस, जिवाला जप, येवढंच उरलं की म्हनायला."

पिंप फिरत होतं. म्हणजे ती मथुरा, हातातली घागर काढून घेणारी, केरसुणी काढून घेणारी. दोनदा रिकामी झालेली आणि पुन्हा उठून "तुमी बसा की निवांत" म्हणणारी. रंभाबाईने सुनेचं सगळं मांडलेलं मनातल्या मनात खोडलं आणि नव्याने मांडायला घेतलं, आणि लक्षात आलं की आपल्या स्वतःच्या नावापुढेही बरंच काही चुकीचं लिहिलेलं आहे. म्हातारीला सांभाळायला नेत नव्हते. म्हातारी हवी होती.

"कितवा?"

"तिसरा सरत आलाय."

"मग आत्ता मी येऊन काय करनार, रूळ बगत बसू? दसरा झाला की येते. चार दिस ऱ्हाते, तिला बगते, परत येते. मग बाळंतपनाला येते ती म्होरं मूल बसाय लागंस्तवर." तिने लुगड्याची दुमड चाचपली. कोरडी होती. "राहायला म्हनून न्हाय येनार. कामाला म्हनून येईन. कळलं?"

"व्हय."

"आन् तिला सांग, मला कळलंय. कळल्यानं नजर लागत न्हाय. न कळल्यानं काय काय हुतं त्ये मला इचार."

महिपतीने टोपी घातली, पिशवी घेतली. पाया पडला. गाडीची वेळ झाली होती. ती ओट्यावर येऊन उभी राहिली. भादव्यातली ती संध्याकाळ, गिरणीच्या भोंग्याआधीची, जेव्हा गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत कुणी ना कुणी असतं आणि कुणीच बघत नसतं. बजाबाई आपल्या दारात तांदूळ निवडत बसली होती, नुसतेच, डोळे इकडे. टोपीवर झडीचे थेंब घेत महिपती चिखल चुकवत चालला होता, खांदे जरा सैल सोडून. कोपऱ्यावर हुसेनसाबचा टांगा उभा होता. तो टांग्यात चढला, एक पाय वर, एक खाली, आणि तसाच थांबला. मग मागे वळून, हात तोंडाशी धरून, सांधा बदलताना गाडीला ओरडतात त्या आवाजात ओरडला,

"आये! फाल्गुनात! फाल्गुनात गं!"

तांदूळ निवडणारा हात थांबला. वरच्या माडीची एक खिडकी उघडली. अशी गोष्ट गल्लीत ओरडायची नसते. कुणाही शहाण्या बाईने ओठावर बोट ठेवून त्याला गप्प केलं असतं. रंभाबाई ओट्याच्या अगदी कडेला आली आणि तिने होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"ऐकलं!"